नळीत खोट नाही

मामांनी पोट तपासायच्या दुर्बिणीची नळी पाण्याच्या टबात पूर्ण बुडवली, तिच्यात हवा भरली आणि बुडबुड्याची वाट बघत उभे राहिले.

बुडबुडा आला की समजायचं, नळीला कुठेतरी भोक आहे. मग आत घाण राहते आणि एकाच्या पोटातली दुसऱ्याच्या पोटात जाते. अशी नळी थेट दुरुस्तीला आणि पेशंट घरी. दुसरी नळी आधीच दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे आजची तपासणी हिच्यावरच अवलंबून होती.

“अहो मामा, तिसऱ्यांदा बुडवताय,” सिस्टर म्हणाल्या. “पोहायला शिकवताय की काय तिला?”

एरवी मामांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. सगळं हॉस्पिटल त्यांना चकाचकमामा म्हणायचं आणि ते त्यांना आवडायचंही. त्यांनी ‘ही नळी चालणार नाही’ म्हटलं की मोठ्या डॉक्टरांचंही काही चालायचं नाही. आज ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

दाराबाहेरच्या बाकावर पेशंटची बायको पर्स छातीशी धरून बसली होती. सिस्टर बाहेर डोकावल्या तशी तिनं त्यांना धरलंच. “महिना झाला, जेवण जात नाही ह्यांना. कपडे नुसते लोंबतात अंगावर. विचारलं की म्हणतात, पित्त झालंय. दोनदा तारीख घेतली, दोनदा टाळली. आज मीच हटून बसले.”

“बसा तुम्ही. होईल सगळं नीट.”

मामांना आत सगळं ऐकू येत होतं. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाला ते एरवी चांगलंच फैलावर घेत. आज त्यांनी नळी पुन्हा पाण्याखाली दाबली. या पेशंटचे वडील पोटाच्याच रोगानं गेले, तेही असंच पित्त पित्त करत, हे त्यांना माहीत होतं. पडद्यावर काय दिसेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

तेवढ्यात नळीच्या टोकाशी एक बुडबुडा वर आला.

मामांना एकदम हायसं वाटलं. आज नाही. निदान आज तरी नाही.

सवयीनं त्यांनी टोक बोटानं पुसलं, वाकवलं, पुन्हा बुडवलं. पाणी ढिम्म. रबराच्या सांध्यात अडकलेली हवा होती ती, दुसरं काही नाही.

तरी खोटं बोलता आलं असतं. ‘गळतेय’ एवढंच म्हणायचं. कुणी उलटून विचारलं नसतं. मामांनी तोंड उघडलंसुद्धा. पण इतकी वर्षं फुटक्या नळीला चांगली म्हटलं नव्हतं, तसं चांगलीला फुटकी म्हणायलाही जीभ वळेना. त्यांना स्वतःचाच राग आला.

मग नळी जंतुनाशकात भिजली, धुतली गेली, हवेच्या झोतानं सुकली. दिवा लागला. टोक चारी बाजूंना वळलं. भिंगावर कण नव्हता. समोर धरलेल्या पांढऱ्या कापडाचा धागा न् धागा पडद्यावर दिसत होता.

डॉक्टरबाई आत आल्या. “मामा, उपाशी पेशंटला किती ताटकळत ठेवणार?”

“जरा थांबा ना, मॅडम. सक्शन कमी वाटतंय.”

बाईंनी बटण दाबलं. वाटीतलं पाणी क्षणात ओढलं गेलं.

“चांगलं आहे की.” त्यांनी आवाज खाली आणला. “मामा, उशीर केला म्हणून पोटात आहे ते बदलत नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?”

मामांनी नकारार्थी मान हलवली. आता तपासायला काहीच उरलं नव्हतं.

“नळीत खोट नाही,” ते म्हणाले आणि नळी त्यांनी सिस्टरच्या हातात दिली.

मग त्यांनी हातमोजे उतरवले, मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर बाकावरच्या बाईच्या ओंजळीत ठेवलं, आणि आत येऊन टेबलावर डाव्या कुशीला वळून तोंड उघडलं.