भिंतीवरचे पासवर्ड

“काकू, पासवर्ड विसरलात? थांबा, सांगतो,” म्हणत निनादने सोसायटीच्या सभेतच, सोसायटीसाठी स्वतः बनवलेल्या ॲपचा डेटाबेस उघडला. प्रोजेक्टर चालूच होता.

भिंतीवर सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे झळकले. आधी हशा पिकला. मग काकूंच्या नावापुढे ‘मिहिर’ दिसलं आणि सगळ्यांच्या नजरा शेजारी बसलेल्या काकांकडे वळल्या. काकांनी घराबाहेर काढलेला मुलगा. घरात त्याचं नाव काढायलाही बंदी होती.

“इतके दिवस तुला हे दिसत होतं?” काकूंनी विचारलं.

निनादची मान खाली गेली. पासवर्ड कुणालाच वाचता येऊ नयेत असे साठवायचे असतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कंटाळा केला होता. आता लॅपटॉप मिटायचंही त्याला सुचेना.

शेवटी काकाच उठले आणि ती ओळ झाकायला भिंतीसमोर उभे राहिले. मुलाचं नाव त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटलं.