थोरला

आनुवंशिक चयापचयाच्या आजारांवर संशोधन करण्यात हयात घालवलेल्या बाईंच्या निरोप समारंभाला एक आई दोन्ही मुलांना घेऊन आली. धाकटी आता शिक्षिका होती. जन्मतःच रक्ततपासणी होऊन पथ्य सुरू झालं, म्हणून तिचा मेंदू वाचला. थोरला व्हीलचेअरमध्ये होता. त्याच्या वेळी ती तपासणीच नव्हती.

बाई धाकटीचं तोंडभरून कौतुक करू लागल्या, तशी आई हळूच म्हणाली, "बाई, तपासणी सापडली ती ह्याच्या रक्तावरून ना? त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. तुम्ही सांगाल?"

बाई खुर्चीपाशी वाकल्या. वर्षानुवर्षं त्यांनी त्याचं रक्त घेतलं होतं. त्याच्या हाताची शीर त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. चेहरा मात्र आज पहिल्यांदाच नीट पाहत होत्या. बोलायला गेल्या आणि अडल्या.

"ह्याला हाक काय मारता हो?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"आम्ही दादा म्हणतो," धाकटी म्हणाली. "तुम्हीही दादाच म्हणा."

साठी उलटलेल्या बाईंनी त्याचा हात हातात घेतला.

"दादा," त्या म्हणाल्या, "मला फार उशीर झाला रे."