दुपारचा कूलर

घनश्यामने दार ढकललं आणि आतली झळ तोंडावर आली. कूलर बंद होता. बाहेर चौऱ्याऐंशीचा मे महिना होता, घरातही तोच.

चष्मा विसरला म्हणून तो खाणीच्या ऑफिसातून भरदुपारी परतला होता. एरवी पाचचा भोंगा झाल्याशिवाय नाकाडोंगरीतल्या कारकुनाला घर दिसत नाही. संध्याकाळी तो यायचा तेव्हा खोली गारेगार असायची, वाळ्याचा वास सुटलेला असायचा. कूलर आणला होता तो आईसाठी, गिरजाबाईसाठी. मागच्या उन्हाळ्यात तिला उन्हाची लू लागली, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा लागली तर म्हातारी हाती लागायची नाही. गावातला हा दुसरा कूलर. पहिला बँकेच्या मॅनेजरचा, म्हणजे सरकारी; तो घनश्याम हिशेबात धरत नसे. आईसाठी आपण काय केलं, हे मात्र तो पानठेल्यावर कोणी न विचारता सांगत असे.

आई फरशीवर पडली होती. डोक्यावर ओला केलेला पदर, तोही केव्हाच वाळलेला. अंगाला हात लावला तर चटका बसला. घामाचा टिपूस नाही.

त्याला आधी आठवली ती बायको. चंद्रकांता कूलरच्या वीजबिलावरून कुरकुरायची, आणि सकाळी दवाखान्यात ड्युटीला तीच सगळ्यांत शेवटी निघायची.

"येऊ दे तिले घरी! माह्या मायले भाजून मारते!" तो ओरडला.

आवाज ऐकून शेजारची रुखमा दारात आली. आत एक नजर टाकून तिने आपल्या धाकट्या दिराला हाक मारून डॉक्टरकडे पिटाळलं. मग म्हणाली,

"चंदाताईले कायले बोलता, भाऊजी? ते तं लावून जाते. बुढीच बंद करते. रोजचंच आहे. भोंगा वाजला का लावते मंग. तुमी येवोस्तोर खोली थंडी झाली पायजे म्हणते."

घनश्याम आईपाशी वाकला.

"माय, काहून बंद केला वं?"

गिरजाबाईने डोळे उघडले. समोर कोण आहे ते तिला जरा वेळाने कळलं. मग चेहरा उजळला.

"घरी कोणी नव्हतं ना, बापू," ती म्हणाली. "आता तू आला. लाव."