नॉर्वेला कोणता कॅमेरा?

"जरा स्थिर उभी राहा गं!" हे ओरडले. नॉर्वेच्या सहलीला तीनपैकी कोणता कॅमेरा न्यायचा, ते ठरवायला तुळशीपाशी माझे फोटो काढणं चाललं होतं. तिन्हींतले हललेलेच आले.

जन्मभर लग्नांचे फोटो काढलेल्या हातात कंप शिरलाय, हे डॉक्टरांनी सांगूनही त्यांना पटत नव्हतं. "कॅमेरेच बिघडलेत सगळे!"

मनात देवाची क्षमा मागून मी खोटं बोलले. "अहो, मीच हलले असेन."

"तू? जपाला बसलीस की नाकावर माशी बसली तरी हलत नाहीस!"

बोलले आणि स्वतःच्याच हातांकडे बघू लागले. मग मोठा कॅमेरा उचलून पुटपुटले, "मनगट धर माझं. घट्ट."

मी दोन्ही हातांनी धरलं. समोर आता नुसती तुळस होती. फोटोत तीही हललेली आली.