साहेबाचा पॉइंट

“तुमाले पटणार नाही, चांगुणाबाई. कोणालेच पटणार नाही,” जानराव फोनवर म्हणाले, “पण साहेबाच्या जीपमधी रोही शिरला. चांगला घोड्याएवढा. शिरला तो शिरला, वरून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. उतरायलेच तयार नाही. साहेब बिचारे मागच्या सीटवर.”

रिसीव्हरची वायर उंदरांनी केव्हाच खाल्ली होती, म्हणून तो फोन कायम स्पीकरवर चाले. पलीकडून बाईचा दमलेला श्वास सगळ्या खोलीला ऐकू आला.

“मंग आज येत नाहीत?”

“रोही उतरला का निघतेच.”

“बरं,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

शिडीवर उभा राहून वायर ओढणारा वकार जीपमधल्या नीलगायीलाही हसला नाही. सकाळपासून त्याच्यादेखत या फोनवर जीपचा टायर साळिंदराने फोडला होता, पुलावर अजगर आडवा झाला होता आणि एका लग्नाच्या वरातीत लोकांनी साहेबांनाच नवरदेव समजून घोड्यावर बसवलं होतं. फोन करणाऱ्यांपैकी एकही जण चिडला नव्हता. सगळे नुसतं ‘बरं’ म्हणत होते.

दुसरबीडच्या ज्या बियाणं कंपनीच्या ऑफिसात जानराव फोन उचलायला बसत, तिथे उद्या इंटरनेटवर चालणारे फोन बसायचे होते. त्याआधी जागा तयार करून ठेवायला वकार बुलढाण्याहून आला होता. वायर टाकायची, इन्व्हर्टर पाहायचा, अर्थिंग तपासायचं, आणि कोणाचा फोन कुठे बसणार त्या ठिकाणी भिंतीवर खडूने खूण करायची. त्या खुणेला तो पॉइंट म्हणे. अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा निघाला. अर्थिंगला ओल लागते, म्हणून वकारने आपल्या प्यायच्या बाटलीतलं अर्धं पाणी त्यात ओतलं. ऑक्टोबर असा तापला होता, की पाणी खाली पोचण्याआधीच वाफ होऊन वर आलं म्हणतात.

“काका, हे साहेब कोण?” वकारने वरूनच विचारलं.

“बोंडअळी पाहणारे. बीटी कपाशीच्या बोंडात अळी निघाली का त्यायनं शेतात जायचं, उभं पीक डोळ्यानं पाहायचं. तरच कंपनी तक्रार मानते. उपटलेलं मानत नाही.”

“आन हायेत कुठं सध्या?”

“मागच्या हंगामात गेले सोडून. दुसरा कोणी पाठवलाच नाही.” जानरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मॅनेजर म्हणते, कोणाले नाही म्हणायचं नाही. मी नाही म्हणत नाही. पण रोज नवीन काय आणू राजा? रोही झाला, साळिंदर झाला, अजगर झाला. आता हत्तीच आणा लागते.”

“उद्यापासून आराम तुमाले. मशीनच उचलते फोन.”

“काय म्हणते ते उचलून?”

“मराठीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा.”

“दाबलं. मंग?”

“मंग म्हणते, कृपया प्रतीक्षा करा.”

जानरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“म्हणजे माह्यंच काम. बिनारोह्याचं.”

दुपार कलल्यावर फोन पुन्हा वाजला. पुन्हा चांगुणाबाईच होत्या.

“जानरावभाऊ, उतरला का रोही?”

“उतरला, उतरला.”

“मंग आता गंमत नका करू. मी बांधावर उभी हाये. बोंडं सारी किडली, पण साहेबाले दाखवायची म्हणून पऱ्हाटी तशीच उभी ठेवली. इकडं जमिनीतली ओल चालली. आता हरभरा पेरला नाही तं हे बी गेलं आन ते बी गेलं. साहेब उद्या येत असतील तं थांबते. नसतील तं आताच उपटते. तुम्ही म्हणाल तसं.”

जानरावांनी शिडीकडे पाहिलं. वकारने नजर खाली घातली. ‘थांबा’ म्हणायला जानरावांना एरवी काही लागत नसे. आज घसा खाकरावा लागला.

“थांबा, बाई. उद्या येतातच साहेब. त्यायच्यासाठी तं नवा फोन बसून राह्यला इथं. बुलढाण्याहून इंजिनीअर आले. साहेबाचा पॉइंट करून राह्यले भिंतीत. खोटं वाटते? ऐका आवाज.”

आणि त्यांनी वकारला हाताने खुणावलं, चालव.

भिंतीवर खडूच्या खुणा होत्या त्या मॅनेजरच्या, काउंटरच्या आणि गोदामाच्या. साहेबाची नव्हती. आणि जिथे खूण नाही तिथे भोक पाडायचं नाही, हा वकारचा धंद्यातला नियम; चुकून पडलंच तर पदरच्या सिमेंटने बुजवावं लागे. त्याने मान हलवून नाही म्हटलं. जानरावांनी दोन्ही हात जोडले. तेव्हा वकारने ड्रिल उचललं, भिंतीपासून वीतभर लांब धरलं, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि चालवलं.

खोली दणाणली. मग ड्रिल थांबलं.

“ऐकलं?” जानराव म्हणाले.

पलीकडे वारा वाहत होता. वाळलेली बोंडं एकमेकांवर आपटून खडखडत होती.

“ऐकलं,” चांगुणाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्या फोनपासून लांब जाऊन कोणाला तरी म्हणाल्या, “सोजराबाई, पऱ्हाटी उपटायचा चिमटा आणा इकडं.” आणि पुन्हा फोनजवळ आल्या.

“भाऊ, डिरील भिंतीत शिरलं का त्याचा आवाज दबते. हे तं हवेतच फिरून राह्यलं.”