बरोबर उत्तर

फिलिपीन्समधल्या इलोइलो शहरातल्या लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत मारिबेल एका सोप्याच प्रश्नावर अडली. ‘शिक्षेला जसा गुन्हा, तसं बक्षिसाला काय?’ क्लासच्या बाईंनी शिकवलं होतं, आधी पहिल्या जोडीचं वाक्य करायचं, मग तेच दुसरीला लावायचं. तिनं वाक्य केलं, ‘शिक्षा गुन्ह्याबद्दलच मिळते.’ तिचा धाकटा भाऊ रोनेल तर काही न करता तुरुंगात होता, खटला अजून उभाही राहिला नव्हता. वाक्य गळी उतरेना. पण आपणच नापास झालो, तर त्याच्या बाजूनं बोलणार कोण? तिनं ‘पराक्रम’ निवडला. संध्याकाळी ती मासेभात घेऊन भेटीला गेली. “ताई, पेपर कसा गेला?” “एका जागी खोटं लिहिलं रे.” “म्हणजे चुकलं?” “नाही, उत्तर बरोबरच आहे.” तिनं प्रश्न आणि आपण केलेलं वाक्य सांगितलं. रोनेल गजांआडून हसला. “मग वकीलबाई, आता ते वाक्य तुम्हीच खरं करून दाखवा.”