तिसरं कडवं

"ह्यात गाणं ठिवलं की ऱ्हाईल न्हवं, अण्णा?"

विमलबाईंचा तो आवाज बसवप्रभूंच्या कानातून गेलेला नव्हता. सहा वर्षांमागं, औरादच्या ह्या लहानशा रेडिओ केंद्रात, माईकपुढं बसताना त्यांनी पदर सावरत विचारलं होतं. आणि केंद्र सांभाळणारे बसवप्रभू हसून म्हणाले होते, "माणूस इसरंल, आक्का. मशीन न्हाई इसरत."

आज भर दुपारी त्याच मशीनपुढं विमलबाईंची लेक बसली होती. मंगल. आई जाऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं, आणि मंगलला केंद्रात लागून दुसरं. रविवारी तिच्या भावाच्या लेकीचं नाव ठेवायचं होतं. घरातल्या प्रत्येक लेकराला आईनं म्हटलेला पाळणा निदान मावशीच्या तोंडचा तरी वाजावा, म्हणून तिनं खटकचिंचोळीहून कमलमावशीचं गाणं फोनवर मागवलं होतं. आलं ते गाणं कमी आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर जास्त. मावशीचा आवाज त्या घरघरीखाली गाडून गेलेला.

असा गोंगाट चाळून काढणारं सॉफ्टवेअर होतं. पण ते नवं. केंद्राच्या मशीनवर लिनक्स होतं, आणि तेही जुनं, मुरलेलं, भरवशाचं. कधी अडायचं नाही, पण त्याच्यासाठी मिळणारी सॉफ्टवेअरची पॅकेजं दोन-तीन वर्षं मागची. बसवप्रभू त्यात नवं काही शिरू देत नसत. सहा वर्षांत एकदाही नाही.

"मशीन हाय का नवी नवरी, अण्णा? कुणाला हातच लावू देईनाव."

"हाय ते बरं हाय."

"समद्या पॅकेजांचं अख्खं नवं भांडार कोण आणायलंय हितं? म्होरच्या आवृत्तीतलं एकच पॅकेज घ्यायलेय मी. तेबी आपल्या आवृत्तीच्या मापानं परत शिवून ठिवलेलं. बाकी समदं हाय तितंच ऱ्हातंय."

बसवप्रभूंनी खुर्ची थोडी मागं सरकवली. मंगलनं त्याचाच अर्थ हो असा घेतला आणि आज्ञा लिहिली. पडद्यावर ओळी उतरल्या. काय नवं येणार, काय बदलणार, काय निघणार.

"काढून टाकायची पॅकेजं किती म्हणायलंय?" बसवप्रभूंनी मागून विचारलं.

"शून्य."

"परत बघ."

"शून्यच की, अण्णा."

ते खुर्चीतून उठले. चष्मा पुसून पडद्याशी वाकले आणि त्या शून्यावर बोट टेकवून उभे राहिले.

"कामून एवढं भ्यायलाव?" मंगल हसली. "ती वीज काय तुमच्याच अंगावर पडली हुती का?"

विजेची गोष्ट केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. गाणं भरून महिनाही झाला नव्हता, आवारात वीज पडली, मशीनची डिस्क जळाली, विमलबाईंनी म्हटलेला तो पाळणा गेला. परत येऊन म्हणते म्हणाल्या होत्या त्या. मग गळ्याचं दुखणं निघालं, आणि आवाज आधी गेला, बाई नंतर.

बसवप्रभूंनी बोट काढलं. "दाब," म्हणाले.

एका मिनिटात पॅकेज बसलं. काही हललं नाही, काही मोडलं नाही. मंगलनं मावशीचं गाणं उघडलं, गिरणीचा आवाज नेमका धरला आणि चाळणीत कोंडा वर राहावा तसा बाजूला केला. खालून मावशी वर आली. थकलेली, पण स्वच्छ.

*पाळण्याची दोरी वळली मांजरेच्या काठी,*
*बाळाच्या उशाशी ठेवली अक्षरांची पाटी...*

मंगलचे ओठ हलत होते. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मग खोकला. मग मावशीचं बोलणं, जे आजवर घरघरीत कुणालाच ऐकू आलं नव्हतं:

"म्होरचं न्हाई गं येत मला. तिसरं कडवं आक्कानं सोता जुळिवलेलं, तुमच्या घरच्या लेकींसाठी. मला कवा शिकिवलीच न्हाई. रेडिओत हाय म्हणायची. तितून घे की, मंगल."

फाइल संपली. मंगलचा हात माऊसवर तसाच राहिला.

"मलाबी येत न्हाई," ती म्हणाली. "आई हाय, मशीनमधी हाय, मग कशाला पाठ करायचं म्हणून राहिलं. गाणं गेल्याचं हितं कामाला लागल्यावर कळलं." तिनं डोळ्यांना ओढणी लावली. "आता विजेला काय म्हणावं, अण्णा?"

बसवप्रभू बाकावर बसले. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"वीज पडलीच न्हवती, मंगल."

तिनं मान वळवली.

"मीच अख्खं नवं भांडार जोडलो हुतो. नवं ते चांगलं म्हणून. मशीन मला इचारली. एवढं समदं काढायलाव, खरंच का? खरंच आसंल तर लिवा, 'व्हय, मी सांगतो तसंच कर.' मी लिवलो. एकेक अक्षर बघून लिवलो. मशीन आडवी पडली. तवाबी गाणं आत हुतंच. मी घाबरलो, आन् पयल्यापासनं समदं परत बसिवलो, तवा डिस्क पुसून गेली."

त्यांनी ओघळलेली विभूती हातानं पुसली. मग ते पुढं बोलले.

"तुझी आई आली. कुठं पडली वीज, म्हणून इचारली. मी आवारातल्या लिंबाकडं बोट दाखिवलो. ती झाडाकडं बघितली. झाड हिरवंगार हुतं. लई येळ बघितली. आन् मलाच म्हणली, 'जरा पाणी प्या, अण्णा.'"